दगडांची मुदत ठेव

नोकरीची सारी वर्षं मी दुसऱ्यांचे पैसे मोजले. निवृत्तीनंतर कादंबरीची पानं मोजू लागलो आणि हल्ली दगड मोजतो. त्याचं श्रेय माझ्या सहा वर्षांच्या नातीला.

ती सातव्या मजल्यावर वाढते आहे. पावसाळा सरल्यावर एका रविवारी तिला सोमेश्वरला नेलं. गोदावरीचा तो काळा कातळ नाशिककरांना ठाऊकच आहे. पाण्यापासून चार हात दूर, कोरड्या बाजूला आम्ही बसलो. तिनं एक दगड उचलला नि विचारलं, "आजोबा, याला भोकं का रे?"

मी म्हटलं, "डोशाला जाळी कशी पडते? तसंच. हा दगड एकदा तापलेला रस होता. त्यातले बुडबुडे फुटले, रस गार झाला, जाळी तशीच राहिली." ही गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. तिला कोटी कळत नाही. मी बँकेत कोटी लिहिले खरे, पण त्यापुढे 'रुपये'ऐवजी 'वर्षं' आलं की माझीही मती गुंग होते.

त्या दिवसापासून आमचा छंद सुरू झाला. नियम तीन. एका वेळी एका खिशात मावतील तेवढेच दगड घ्यायचे. मोठा दगड उलटायचा तो मीच, तोही पलीकडची कड आपल्याकडे उचलून, म्हणजे खाली विंचू असलाच तर आपल्यात नि त्याच्यात दगडाची ढाल राहते. आणि पाहून झालं की दगड होता तसाच ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी छप्पर असतं.

घरी आल्यावर जुन्या टूथब्रशनं दगड घासायचे. कोरडा असताना राखाडी दिसणारा दगड पाण्यात घातला की काळाभोर होतो, ही जादू तिला रोज नवी वाटते. मग वाटण्या होतात, गुळगुळीत, खडबडीत आणि जाळीचे. काही जाळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांची थोरली भावंडं पाहून तिनं आपला खडा मुठीत घट्ट धरला. चपट्या दगडांची लगोरी होते, एखाद्या पसरट दगडावर खडूनं कासव काढायचं. आणि रात्री दिवा मालवून मी दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर घासतो. क्षणभर आत उजेड पेटतो, जळका वास येतो. तेव्हा टीव्हीची आठवण कुणालाच होत नाही.

एकदा आम्ही पांडवलेण्यांत गेलो. तिथला खडाही उचलायचा नाही, फक्त पाहायचं. दहा क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात यानं सुमारे १,९०० वर्षांपूर्वी कोरवलेला लेख आहे. त्यानं ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले होते. २,००० महिना शेकडा एक व्याजानं आणि १,००० पाऊण टक्क्यानं. २,००० चं वर्षाचं व्याज २४०. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. मी मनात हिशेब केला, पै चुकलेली नाही! जन्मभर ठेवींच्या पावत्यांवर सह्या केल्या, पण दगडावरची पावती हीच पाहिली.

"मग त्यानं पैसे परत कधी घेतले?" नातीनं विचारलं.

"घ्यायचेच नाहीत, असं लिहून ठेवलंय. मुद्दल तसंच राहणार, उपभोगायचं ते फक्त व्याज."

उतरताना मला माझा मुलगा आठवत होता. त्याच्या लहानपणी माझ्या बदल्यांमागून बदल्या. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री एसटीनं घरी यायचो, तोवर त्याचा किल्ला बांधून झालेला असायचा. मी "छान आहे हं" म्हणायचो आणि झोपायचो. त्या खात्यात मी काही भरलंच नाही.

गेल्या दिवाळीत इमारतीच्या कोपऱ्यात नातीसाठी किल्ला करायला घेतला. मी उत्साहानं दगड रचत गेलो आणि तटबंदी दोनदा ढासळली. ऑफिसातून आलेला मुलगा थोडा वेळ बघत उभा राहिला. मग बाह्या सरसावून खाली बसला.

"बाबा, मोठे दगड खाली. आणि दोन दगडांच्या फटीत बारकी कपची ठोका, म्हणजे हलत नाही."

"तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पडत पडत शिकलो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागलं. मी काहीच बोललो नाही. त्यानं चिखल कालवला, नातीनं अळीव पेरले, आणि मला काम मिळालं ते बुरूज वाळेपर्यंत धरून ठेवायचं.

"आजोबा, सोडू नकोस हं," नात म्हणाली.

"नाही सोडत," मी म्हटलं. गुडघे दुखत होते, पण आता माझी बदली व्हायची नव्हती.