कर्करोग आणि आहार : प्रतिबंधाचे पथ्य वेगळे, उपचारकाळाचे वेगळे

लंडनच्या पश्चिमेस, थेम्सकाठी वसलेल्या मेडनहेडमध्ये एखाद्या मराठी घरात कर्करोगाचे निदान झाले, की पुण्या-नागपुरातून फोन सुरू होतात. साखर बंद करा, दूध सोडा, गव्हांकुरांचा रस द्या, हळदीच्या गोळ्या चालू करा! सल्ल्यामागे माया असते. परंतु ऐन केमोथेरपीत रुग्णाचे ताट असे रिकामे होत गेले, तर हित होण्याऐवजी हानीच होण्याचा धोका असतो. रोग टाळण्यासाठीचा आहार आणि उपचार सोसण्यासाठीचा आहार यांतील भेद म्हणूनच समजून घ्यायला हवा.

प्रतिबंधात आहाराचे स्थान निर्विवाद आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ब्रिटनच्या तुलनेत फारच कमी आढळते. त्याला अनेक कारणे असू शकतात. पण केवळ आनुवंशिकतेने हा फरक उलगडत नाही. हवाईत स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांत या रोगाचे प्रमाण वाढत जाऊन नव्या देशाच्या पातळीला पोहोचले होते. देश बदलला, की ताट बदलते आणि ताटाबरोबर धोकाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली बेकन, सॉसेज, हॅम अशा प्रक्रियायुक्त मांसाला कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. अतिरिक्त वजनाचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी जोडला गेला आहे. मद्यही दोषी आहे. उलट तंतुमय पदार्थ आतड्याचे रक्षण करतात. ब्रिटनमध्ये प्रौढांना रोज ३० ग्रॅम तंतू घेण्याचा सल्ला दिला जातो. ज्वारीची भाकरी, उसळ आणि पालेभाजी हे नेहमीचे जेवण त्यासाठी उत्तम आहे. मात्र उत्तम आहार हा तपासणीला पर्याय नव्हे. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयोगटाला दर दोन वर्षांनी घरपोच येणारा शौचतपासणीचा संच बाजूला पडू देऊ नये.

निदानानंतर मात्र गणित उलटते. रोग आणि उपचार दोन्ही भूक मारतात, चव बिघडवतात, स्नायू झिजवतात. वजन फार घटल्यास औषधाची मात्रा कमी करावी लागते किंवा उपचार लांबणीवर पडतात. म्हणून युरोपीय पोषणतज्ज्ञांची शिफारस आहे, की रुग्णाने दर किलो वजनामागे रोज किमान १ ग्रॅम आणि शक्यतो दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने घ्यावीत. ६० किलोच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण ६० ते ९० ग्रॅम होते. तूप घातलेला मऊ वरणभात, अंडी, पनीर, दुधातले नाचणीचे सत्त्व, दाण्याचे कूट असे पदार्थ थोडे थोडे, पण वारंवार द्यावेत. आतड्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास किंवा जुलाब होत असल्यास भाकरी-उसळीसारखे तंतुमय पदार्थ काही काळ कमीही करावे लागतात.

साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही. ग्लुकोज शरीरातील सर्वच पेशींना लागते आणि यकृत ते स्वतःही तयार करते. फोडणीतली हळद निर्धोक आहे. परंतु तिच्या अर्काच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या औषधांच्या कार्यात अडथळा आणू शकतात आणि त्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हा समज १९९४ मध्येच फोल ठरला होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

कोणताही आहार कर्करोग बरा करत नाही. उपचार पूर्ण करण्याचे बळ मात्र देतो. म्हणून एकादशीचा उपवास असो वा नवा काढा, निर्णयापूर्वी उपचार करणाऱ्या चमूला विचारावे. वजन घटू लागताच एनएचएसच्या आहारतज्ज्ञाची भेट मागून घ्यावी आणि घरातले नेहमीचे पदार्थ त्यांना नावानिशी सांगावेत. थालीपीठ किंवा आंबील म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही. ते समजले, तर रुग्णाला रुचेल आणि पचेल असा आहार आखणे त्यांना सोपे जाते.