कॉपी थांबेल कशी?

परीक्षेत केलेल्या लबाडीला आपण 'कॉपी' असे साधेसे नाव दिले आहे. ऐकताना त्यात गुन्ह्याचा वासही येत नाही. पूर्वी चिठ्ठ्या असत, आता मोबाइल आला. साधने बदलली, पण 'सगळेच करतात' हे समर्थन मात्र तेच राहिले.

या समर्थनातच दुखण्याचे मूळ आहे. अमेरिकेतील डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेविनो यांनी ३१ शिक्षणसंस्थांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. पकडले जाण्याची आणि शिक्षेची भीती परिणाम करतेच. पण त्याहून मोठा परिणाम करते ती सोबतची मुले काय करतात याबद्दलची समजूत. म्हणजे एका वर्गात पर्यवेक्षकाने केलेली डोळेझाक फक्त एका मुलाला वाचवत नाही, ती उरलेल्यांनाही धडा देते.

महाराष्ट्रात परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. भरारी पथकेही येतात. ती हवीतच. पण पथक तासाभराने निघून जाते, वर्गातले वातावरण मात्र वर्षभर टिकते.

मग उपाय कोणते? पहिला उपाय प्रश्नपत्रिकेत आहे. दरवर्षी तेच प्रश्न फिरवून विचारले, की 'अपेक्षित प्रश्नसंच' पाठ करणे किंवा खिशात नेणे एवढाच फरक उरतो. 'व्याख्या लिहा' याऐवजी एखादे उदाहरण देऊन 'येथे काय घडले आणि का?' असे विचारले, तर चिठ्ठी फारशी उपयोगी पडत नाही. दुसरा उपाय म्हणजे वर्षभर छोट्या चाचण्या आणि पाच मिनिटांची तोंडी परीक्षा. मागे पडलेला मुलगा त्यामुळे वेळीच लक्षात येतो. पुष्कळदा कॉपी करणारा बेरड नसतो, घाबरलेला असतो. नापास झालो तर घरी काय सांगू, हा प्रश्न त्याला छळत असतो. पालकांनी टक्क्यांपलीकडे पाहिले, तर ही भीती निम्मी होईल.

तिसरा उपाय विद्यार्थ्यांच्याच हाती आहे. कॉपीचा खरा फटका पर्यवेक्षकाला बसत नाही; रात्र जागवून अभ्यास केलेल्या शेजारच्या बाकावरच्या मुलीला बसतो. गुणवत्ता यादीत ती एका जागेने मागे जाते आणि तिला ते कळतही नाही. 'सगळेच करतात' असे म्हणणाऱ्याला आपल्याच वर्गातली ही मुलगी दाखवायला हवी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)