खेकडे शोधताना पाण्याआधी तळ पाहा

पावसाळ्यात नाल्याकाठी खेकडे धरणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. एका वळणावर तासाभरात टोपली भरते आणि तिथून शंभर पावलांवर रात्र वाया जाते. पाणी तेच असते, तळ मात्र बदललेला असतो.

गोड्या पाण्यातील खेकड्याला दोन गोष्टी लागतात: अंग लपवायला जागा आणि कायम ओल. तो हवेतही श्वास घेऊ शकतो, त्यामुळे खोल पाण्याची त्याला गरज नसते. उन्हाळ्यात तो बिळात ओलीपर्यंत खाली जातो आणि पाऊस पडला की वर येतो. म्हणून तळ पाहताना दोनच प्रश्न विचारावेत. इथे कपार किंवा बीळ टिकेल का? आणि पाणी आटल्यावर इथे ओल राहील का?

खान्देशातले तळ

धुळे जिल्ह्यात पांझरा, बुराईच्या खोऱ्यात आणि जळगावच्या दक्षिण भागातील नाल्यांना काळ्या पाषाणाचा तळ आहे. निव्वळ सपाट कातळावर काही मिळत नाही. कातळ जिथे फुटला आहे, त्यावर डोक्याएवढे गोटे पडले आहेत आणि लगत काळ्या चिकणमातीचा काठ आहे, ती जागा सर्वांत चांगली. दिवसा खेकडा गोट्याखाली किंवा बिळात असतो, रात्री डोहाच्या कडेने चरायला निघतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी फसगत होते. चोपडा, यावल, रावेरच्या बझाडा पट्ट्यात गोटेच गोटे दिसतात, त्यामुळे जागा खेकड्याची वाटते. पण या थरातून पाणी झपाट्याने खाली झिरपते आणि पूर ओसरला की ओढा कोरडा पडतो. तिथे वेळ घालवण्यापेक्षा वर डोंगरात, झऱ्याचे पाणी टिकणाऱ्या जागी जावे. मात्र यावल आणि अनेर धरण ही अभयारण्ये आहेत. त्यांच्या हद्दीत खेकडे धरू नयेत.

गिरणेच्या पात्रातील वाळूचा रुंद पट्टा खेकड्याच्या फारसा कामाचा नाही, कारण वाळूत बिळाची भिंत ढासळते. तिथे पात्र सोडून काठाची चिकण माती पाहावी. तापीच्या उंच पिवळ्या दरडींखाली बिळे दिसली तरी जपून. पावसात या दरडी कोसळतात.

काठी आणि मूठ

गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, तेव्हा काठी टोचून पाहावी. खट् आवाज येऊन काठी थांबली तर कातळ. काठी खडखडत बाजूला सरकली तर सुटे गोटे. सहज रुतून सहज निघाली तर वाळू किंवा पातळ गाळ. रुतली आणि ओढताना धरून ठेवली तर चिकण. काठाची ओली माती मुठीत दाबावी. गोळा न फुटता राहिला तर त्या मातीत बीळ टिकते.

बिळाच्या तोंडाशी ताज्या ओल्या मातीच्या गोळ्या असतील तर खेकडा आत आहे. तोंडावर कोळ्याचे जाळे असेल तर बीळ रिकामे समजावे. मोकळ्या भुसभुशीत मातीचा ढीग आणि कुरतडलेली ताटे हे उंदराचे काम. कोणत्याही बिळात हात घालू नये, सोडलेल्या बिळात साप असतो. आतड्याचा किंवा सुक्या मासळीचा तुकडा दोरीला बांधून तोंडाशी सोडावा.

पाटाच्या भरावातील बिळे

जो काठ खेकड्याला आवडतो, तोच आपल्या पाटाचा भराव असतो. पांझरेवरील फड पद्धतीच्या पाटांवर पाणी सोडण्यापूर्वी काठ चालून पाहणे म्हणूनच गरजेचे. बीळ आरपार गेले तर पाणी माती वाहून नेते आणि सकाळपर्यंत भगदाड पडते. तोंडात दगड ठोकून उपयोग होत नाही, आतली पोकळी तशीच राहते. बीळ उकरावे, खेकडा काढावा आणि ओली चिकण माती थराथराने धुमसून भरावी. शेततळ्याच्या मातीच्या बांधालाही हेच लागू.

बिळात कीटकनाशक ओतण्याची सवय काही ठिकाणी आहे. काही जण तर खेकडे धरण्यासाठी डोहातच औषध टाकतात. कपाशीवर वापरली जाणारी सायपरमेथ्रीनसारखी औषधे खेकडे-झिंग्यांना अत्यंत विषारी आहेत. डोहातली पिल्लेही मरतात, जनावरे तेच पाणी पितात आणि मेलेला खेकडा ताटात येतो. फवारणीचे पंप जिथे धुतले जातात त्या जागेचे खेकडेही खाऊ नयेत. इतर ठिकाणचेही पूर्ण शिजवूनच खावेत, अर्धकच्च्या खेकड्यातून फुफ्फुसाच्या कृमींचा संसर्ग होऊ शकतो.

पोटाखालची रुंद झडप उघडून पाहावी. त्यात अंडी किंवा बारीक पिल्ले असतील तर ती मादी त्याच जागी सोडावी. या खेकड्यांची पिल्ले समुद्री खेकड्यांसारखी पाण्यावर दूर वाहत येत नाहीत, आईच्या पोटाखालीच वाढतात. एकदा रिकामा झालेला डोह पुन्हा भरायला म्हणूनच वेळ लागतो.