एस्टिमेटच्या ओळी

डॉक्टरांपुढे आणि मोटारीच्या वर्कशॉपमध्ये आपण सारखेच गप्प बसतो. दोन्हीकडची भाषा आपल्याला परकी. खड्ड्यांच्या पावसाळ्यानंतर खडखडणारी गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जाते आणि हाती एस्टिमेट पडते : पुढचे दोन स्ट्रट, दोन माउंट, दोन लोअर आर्म, लिंक रॉड, मजुरी, अलाइनमेंट. खालचा आकडा पाहून घरातली माणसे एकमेकांकडे बघतात. दिवाळी तोंडावर आलेली असते!

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना मला एक सवय लागली. बेरीज शेवटी पाहायची, आधी ओळी वाचायच्या. महाग ते सारेच गैर नसते आणि स्वस्त ते सारेच रास्त नसते. म्हणून प्रत्येक ओळीला 'का?' विचारावे.

गाडी वर उचललेली असतानाच दोष दाखवायला सांगावे. शॉकॲब्सॉर्बरमधून तेल ओघळत असेल तर ते डोळ्यांना दिसते. बॉनेटचा कोपरा जोर देऊन दाबावा आणि सोडावा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली पाहिजे. डोलत राहिली तर शॉकॲब्सॉर्बर थकला म्हणायचे. नुसता खडखडाट मात्र बऱ्याचदा लिंक रॉडचा किंवा रबरी बुशचा असतो आणि त्यांचा खर्च स्ट्रटच्या मानाने किरकोळ.

एकच खराब असताना स्ट्रट दोन्ही बाजूंचे बदलतात, ही लूट नव्हे. डावी-उजवी बाजू सारखी राहिली तरच वळणावर आणि ब्रेक लावताना गाडी ताब्यात राहते. लोअर आर्मचा नुसता बुश गेला असेल, तर तो सुटा मिळतो का, हे जरूर विचारावे. काही गाड्यांत मिळतो. बॉल जॉइंट ढिला असेल तर मात्र घासाघीस नको. तो धावत्या गाडीत निखळला तर चाकच मुडपते, आणि मागच्या सीटवर नातवंडे असतात.

आता मजुरी. स्ट्रट उतरवला की माउंट हाती येतोच. दोन्हींची पूर्ण मजुरी वेगवेगळी लावली असेल, तर एकाच कामाचे पैसे दोनदा जातात. अलाइनमेंटची ओळ मात्र खोडू नये. या कामानंतर ते लागतेच.

पार्टच्या खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्या किमतीवर पुन्हा जीएसटी चढवला असेल तर हरकत घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरचा हा कर २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे, तेही ताडून पाहावे. पार्टचा नंबर घेऊन बाहेरच्या दुकानात भाव विचारायला लाजू नये. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात सहज मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. पुढे अपिले झाली. पण ग्राहकाचा संशय अगदीच निराधार नव्हता, एवढे त्यातून दिसले.

शेवटी त्या कागदावरच तीन खुणा करून घ्याव्यात : आज करायचे, पुढच्या सर्व्हिसला करायचे, नुसते लक्ष ठेवायचे. जुने भाग परत मागावेत, नव्यांची वॉरंटी लिहून घ्यावी. प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. उलट गाडीखाली बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवतो. 'साहेब, तुम्हाला त्यातलं कळणार नाही' असे उत्तर आले, तर किल्ली परत मागावी आणि दुसरीकडे दाखवावे.