कानाला ठाऊक, हाताला नाही

दुपारची कामं आवरून जरा टेकला असाल. आज मी तुम्हाला एका गाण्याबद्दल सांगणार आहे. या गाण्याला शब्द नाहीत. ते एका व्हिडिओ गेमचं गाणं आहे, आणि ते मी स्वयंपाकघरात बसून शिकले.

1998 साल होतं. मी पाचवीत होते. काकांनी मुंबईहून दादासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. त्यात कॅसेट घालायची, हातात रिमोट धरायचा, की टीव्हीवर मिशीवाला मारिओ पळायला लागायचा. उड्या मारायच्या, नाणी गोळा करायची, खड्डे चुकवायचे आणि किल्ल्यात अडकलेल्या राजकन्येला सोडवायचं, असा तो खेळ. आळीतली सगळी पोरं आमच्याकडे जमायची. मला मात्र हाक यायची, “ये गं, लसूण सोलायला बस.”

मग मी आत बसून ऐकायचे. ऐकता ऐकता मला सगळं कळायला लागलं. उघड्या रस्त्यावर मारिओ पळताना आनंदी चाल वाजायची. तो जमिनीखाली उतरला की खालचे सूर यायचे, मध्येच शांतता, पुन्हा तेच सूर. पाण्यात पोहताना झोपाळ्यावर बसल्यासारखी संथ चाल. किल्ल्यात शिरला की छातीत धडधड होईल अशी घाईची चाल. वेळेचा आकडा 100 च्या खाली गेला की एक इशारा वाजायचा आणि तीच चाल भराभर पळू लागायची. मी आतूनच सांगायचे, “दादा, वेळ संपत आला!” दूध उतू जायच्या आधी आपल्याला कसं आवाजावरूनच कळतं, तसंच ते होतं.

हे गाणं कसं तयार झालं, ते मोठेपणी वाचलं. सुपर मारिओ ब्रदर्स हा खेळ जपानमधल्या निंटेंडो कंपनीने 1985 साली काढला. आमच्या घरातलं यंत्र त्यांच्या यंत्राची नक्कल होतं, हेही तेव्हाच समजलं. या खेळाला संगीत दिलं कोजी कोंडो यांनी. तेव्हा ते 24 वर्षांचे होते.

त्यांच्यापुढची अडचण ऐका. अख्खा खेळ, म्हणजे चित्रं, गाणी, सगळं मिळून, 40 किलोबाइटमध्ये बसवायचा होता. आज तुमच्या मोबाइलवर येणारा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून मोठा असतो. त्यामुळे लांबलचक गाणं करताच येत नव्हतं. कोंडो यांनी चालीचे छोटे छोटे तुकडे केले आणि ते क्रम बदलून पुन्हा पुन्हा जोडले. चिंध्या चारच प्रकारच्या असल्या, तरी जोडणारीचा हात चांगला असेल तर गोधडी देखणी होते ना? तसं.

आणि आवाज किती? चारच. चार जणींचं भजनी मंडळ डोळ्यापुढे आणा. दोघी गाणाऱ्या, एक खालच्या पट्टीत साथ देणारी, चौथी नुसता ताल धरणारी. गंमत म्हणजे मारिओने उडी मारली की गाणाऱ्यांपैकी एक क्षणभर गप्प होते. कारण उडीचा आवाजही तिलाच काढायचा असतो!

कोंडो यांनी आधी जरा निवांत चाल बांधली होती. पण ती मारिओच्या पळण्याशी जुळेना, म्हणून त्यांनी ती बदलून गती वाढवली. आपल्या आज्या-पणज्यांना हे सांगायची गरज पडली नसती. जात्याच्या फेऱ्याशी ओवी जुळली नाही तर दळण दळतच नाही. काम करणाऱ्या हाताशी जुळलेलं गाणं जन्मभर लक्षात राहतं.

2023 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या मोठ्या ग्रंथालयाने, कायम जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत हे गाणं घेतलं. त्या यादीत आलेलं व्हिडिओ गेमचं हे पहिलंच संगीत.

आणखी एक सांगते. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. एकदा पाणी द्यायला बाहेर आले तेव्हा मी म्हटलं, “दादा, वरचा ढग आणि खालचं झुडूप एकच आहे बघ.” सगळी पोरं हसली. “तुला काय कळतंय?” पण ते खरं होतं! जागा वाचवायला खेळ करणाऱ्यांनी एकच चित्र रंग बदलून दोन ठिकाणी वापरलं होतं. हे मला वीस वर्षांनी वाचायला मिळालं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

आता खरी गोष्ट. एकदा दादा तापाने पडला होता. आई शेतावर गेली होती. मी दार लोटलं आणि रिमोट हातात घेतला. सगळा खेळ मला पाठ होता. कुठे काय वाजतं, पुढे काय येतं, सगळं. गाणं सुरू झालं, मारिओ पळाला, आणि समोरून आलेल्या पहिल्याच शत्रूवर जाऊन आदळला. पुन्हा खेळले. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. मग लाइट गेली. दादा आतून म्हणाला, “बघ, तुला येत नाही.”

मला त्याचं तेव्हा पटलं होतं. आज पटत नाही. माझ्या कानाला सगळं येत होतं, हाताला येत नव्हतं. कारण हाताला संधीच मिळाली नव्हती. दादाही पहिल्या दिवशी शंभर वेळा मेला होता. पण त्याला कोणी म्हणालं नाही की तुला येत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गटात हे रोज दिसतं. पैसे पाठवायचे असले की मोबाइल मुलाच्या हातात देतो. एटीएममध्ये नवऱ्याला पुढे करतो. आपण शेजारी उभ्या राहून सगळं बघतो, ऐकतो, आणि म्हणतो, “मला नाही बाई जमत.” बघून माहिती होते. हात बसायला मात्र स्वतःच करावं लागतं, आणि चुकावंही लागतं.

म्हणून येत्या बैठकीत एवढं करा. गटाच्या मोबाइलवरचं एखादं काम, नेहमी करणारी सोडून दुसरीच्या हातात द्या. ती चुकली तर हसू नका. आणि घरी, मुलाला खेळायला अर्धा तास मोबाइल देत असाल तर मुलीलाही अर्धाच तास द्या. तेवढा वेळ लसूण मुलगा सोलेल.

माझी मुलगी आता तोच मारिओ खेळते. मी भाकरी थापता थापता आतून ऐकते. परवा चाल भराभर पळू लागली तशी मी ओरडले, “वेळ संपत आला गं!” ती म्हणाली, “आई, तुला कसं कळलं?” मी हात धुतले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, “आण इकडे, आता माझा डाव.”