24 बाइटांत न मावलेलं नगर

ऑक्टोबर 2024 मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे 'अहमदनगर'चं 'अहिल्यानगर' झालं आणि काही दिवसांतच एका पतसंस्थेतून फोन आला. "भाऊ, पाकिटावर पिनकोडच्या जागी 'गर' छापून येतंय. हे काय नवीन?"

सभासदांच्या नोटिसांसाठी पत्त्याच्या पट्ट्या छापणारा तो प्रोग्रॅम माझाच, सी भाषेतला. चालतो विंडोज एक्सपीवर. मायक्रोसॉफ्टनं 8 एप्रिल 2014 ला एक्सपीवरचा हात काढून घेतला, पण तिथल्या जुन्या प्रिंटरचं फक्त त्याच संगणकाशी जमतं, म्हणून तो कोपऱ्यात टिकून आहे.

नाव बदलायचं म्हणजे एक शब्द बदलायचा. घरच्या लॅपटॉपवर बदलला, एक्सपीसाठी कंपाइल केला. जीसीसीनं वॉर्निंग दिली: 24 बाइटांच्या जागेत 31 बाइट लिहिले जाताहेत. मूळ प्रोग्रॅम लिहिला तेव्हाचा कंपायलर अशा जागी गप्प बसायचा. जीसीसी असं मोजून सांगू लागला तो 2017 च्या सातव्या आवृत्तीपासून. वॉर्निंग आली तरी फाइल तयार होतेच. छापून पाहिलं, 'अहिल्यानगर' नीट उमटलं होतं. पुढचा पिनकोड मी बघितलाच नाही.

आता हिशेब बघा. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, 3 बाइट खातं. 'अहमदनगर'ची चिन्हं 7, म्हणजे 21 बाइट, शेवट दाखवणारं शून्य धरून 22. चोविसात आरामात बसत होतं. 'अहिल्यानगर'ची चिन्हं 10, म्हणून 31. (आम्ही एरवी नुसतं 'नगर' म्हणतो. ते शून्य धरून दहाच.)

सी भाषेत वाफा भरला की बारं मोडायचं काम आपलं. पाटाचं पाणी काही स्वतःहून थांबत नाही, बांध फोडून शेजारच्या वाफ्यात शिरतं. माझ्या रचनेत शेजारी 7 बाइटांचा पिनकोड होता. 24 आणि 7 मिळून बरोबर 31. शेवटची दोन अक्षरं, 'ग' आणि 'र', थेट 414001 च्या उरावर जाऊन बसली. 1988 च्या नोव्हेंबरात मॉरिसच्या वर्मनं इंटरनेटवरची हजारो यंत्रं आडवी केली, त्यातली एक वाट अशाच फुटलेल्या बांधाची होती. इथं निदान नोटिसाच अडल्या.

नव्या यंत्रणेत यावर सुरक्षित फंक्शनं आहेत. एक्सपीसोबतच्या सी लायब्ररीत प्रमाण 'एसएनप्रिंटएफ' नाही, त्याचा अंडरस्कोरवाला थोरला भाऊ आहे. त्याला 24 ची मर्यादा घातली. तो चोविसाला थांबला खरा, पण जागा पुरली नाही की शेवटचं शून्य टाकत नाही. छापून आलं 'अहिल्यान414001'. मग मी चोविसावं बाइट स्वतः शून्य केलं. उरले 23: सात चिन्हांचे 21 आणि 'न'चे तीनपैकी दोन तुकडे. कागदावर 'अहिल्या' आणि पुढे एक चौकोन. वॉर्निंग मात्र तोवर गेली होती!

शेवटी जे आधी करायचं तेच केलं. जागा 64 बाइट केली, लिहिण्याआधी लांबी मोजली. त्यानं दुसरं काम निघालं, कारण सभासदांची जुनी फाइल 24 च्या मापानं लिहिलेली. नवा प्रोग्रॅम ती वाचायला गेला तर प्रत्येक नोंद 40 बाइटांनी घसरणार. जुन्या मापानं वाचून नव्या मापानं लिहिणारा वेगळा तुकडा रचावा लागला.

हात घातलाच होता म्हणून बाकीच्या वॉर्निंगही उघडल्या. एक गळतीची होती. छपाईआधी प्रत्येक पानाचं चित्र मेमरीत तयार होतं. 300 डीपीआयचं काळं-पांढरं ए-फोर पान म्हणजे 2480 गुणिले 3508 ठिपके, सुमारे 10 लाख 87 हजार बाइट. छापून झाल्यावर ते मी परतच करत नव्हतो. माझ्या 16 जीबीच्या लॅपटॉपला त्याचं काहीच नाही. पतसंस्थेच्या 256 एमबीच्या संगणकाची दोनशे पानांत दमछाक. "दुपारनंतर मशीन दमतं" ही त्यांची तक्रार मी कित्येक वर्षं धुळीवर ढकलत आलो होतो. एक 'फ्री' लिहिलं, दमणं थांबलं.

पट्टी बरोबर छापली गेली. पतसंस्थेच्या साहेबांनी ती उजेडात धरून पाहिली. "जुनी माणसं गोंधळतात हो. कंसात अहमदनगर टाकता येईल का?"

तिथंच बोटांवर मोजलं: 30, एक मोकळी जागा, दोन कंस, 21. झाले 54. शून्य धरून 55.

"टाकतो," म्हटलं.