छडी गेली, तिच्या जागी काय?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि त्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली. या कलमाचा भंग करणारा शिक्षक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. कायद्याने आमच्या हातातील छडी काढून घेतली, पण त्या रिकाम्या हातात दुसरे काहीच दिले नाही, अशी तक्रार तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भरगच्च वर्ग, मार्चअखेरचे नागपूरचे ऊन आणि शेवटचा तास, या त्रांगड्यात ज्याने कधी शिकविले नाही त्याने शिक्षकाला उपदेश करू नये हेच बरे.

तथापि छडीने मिळणारी शांतता कोणत्या जातीची होती, याचाही विचार केला पाहिजे. शिक्षक फळ्याकडे वळेपर्यंतच ती टिकत असे. मुले तिच्यापासून एकच धडा घेत : सापडू नये. जी शिस्त पहारेकऱ्यावाचून क्षणभर उभी राहू शकत नाही, तिला शिस्त म्हणावे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर नागपुरातच सापडते. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात झोपडपट्टीतील काही मुले एक फुटकी बादली लाथाडीत खेळताना दिसली. बारसे यांनी त्यांच्या हाती चेंडू दिला आणि २००१ साली ‘झोपडपट्टी फुटबॉल’चा आरंभ झाला. पुढे २०२२ च्या ‘झुंड’ या चित्रपटाने ही हकीकत घरोघर पोहोचविली. सिनेमाची झगमग बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. खेळाला नियम असतात आणि खेळ चालू राहावा असे ज्याला वाटते तो ते नियम आपखुशीने पाळतो. शिट्टी वाजताच थांबणारा मुलगा भ्यालेला नसतो. त्याला पुन्हा खेळायचे असते.

मैदान वेगळे आणि वर्ग वेगळा, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्याचे उत्तर नागपूरहून फार दूर नसलेल्या सेवाग्रामात आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली. तिच्या सेवाग्राममधील शाळेत सफाई, स्वयंपाक, शेती व सूतकताई ही कामे शिक्षणाचाच भाग मानली गेली. उत्पादनातून शाळेचा खर्च भागविण्याच्या कल्पनेवर त्या काळीही टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु ज्याच्यावर कामाची जबाबदारी आहे त्याला खोड्यांसाठी सवड कमी उरते, हे त्या शाळेने ओळखलेले मर्म जुने झालेले नाही.

आजच्या वर्गात ते आणण्यासाठी चरख्याची आवश्यकता नाही. वर्षारंभी नियम चार-पाचच असावेत, ते मुलांशी बोलून ठरवावेत आणि शिक्षकाच्या मुलालाही तेच लागू असावेत. हजेरी, फळा, पाण्याची टाकी, पुस्तकांचे कपाट यांची पाळी आळीपाळीने सर्वांना मिळावी. ती नेहमी पहिल्या बाकावरच्यांनाच मिळू नये. रागावायचे ते एकांतात आणि कृतीवर. ‘तू असाच’ हे वाक्य मुलाला कायमचे चिकटते. शाबासकी नेमकी हवी : ‘छान’ एवढ्याने भागत नाही, काय छान केले तेही सांगावे. पालकांना तक्रारीसाठीच शाळेत बोलावू नये. कधी चांगली बातमी सांगण्यासाठीही बोलवावे. आणि तास तयार करून आलेला शिक्षक निम्मा गोंगाट दाराबाहेरच थांबवितो.

मात्र हे सारे ओझे एकट्या शिक्षकाच्या खांद्यावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांत पस्तीस विद्यार्थ्यांमागे निदान एक शिक्षक असावा, असे तोच कायदा म्हणतो. जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांस शिक्षकाला जुंपू नये, असेही तोच सांगतो. ज्या मुलाशी एकांतात बोलायचे त्याचे नावही गर्दीत लक्षात राहत नसेल, तर वरील उपाय कागदावरच राहतील. छडीबंदीचे कलम जितक्या कठोरपणे पाळून घेतले जाते, तितक्याच कठोरपणे ही दोन कलमेही पाळली जावीत, ही मागणी शिक्षकांनी अवश्य करावी.

पण ती मान्य होईपर्यंत वर्गातील मुले थांबून राहणार नाहीत. यंदाचा सातवीतला विद्यार्थी पुढल्या वर्षी आठवीत जाईल. आपल्याला भीतीने गप्प बसविले गेले की विश्वासाने काम सोपविले गेले, याची आठवण त्याच्याबरोबर जाईल आणि पुढे नागरिक म्हणून तो कायदा कसा पाळतो, हे पुष्कळसे तिच्यावरच ठरेल.